तासाचे अडुसष्ट, हातात अठ्ठावन्न

नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरी औद्योगिक वसाहतींतले ठेकेदार, कारखानदार आणि दर महिन्याला पगारपत्रक काढणारे माझे जुने सोबती यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले काहीजण मला ओळखतात. अकरा वर्षं मी याच पट्ट्यातल्या एका लेबर ठेकेदाराकडे पगारपत्रकं केली. हजेरीचं मस्टर, ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या, पीएफचं चलान, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं चलान, आणि महिन्याच्या पाच-सहा तारखेला पाठ आखडेपर्यंत एक्सेल. ते सोडून आता दोन वर्षं झाली. आयसी चौकाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात टेबल टाकून बसते. पीएफचे क्लेम भरणं, आधारवरचं नाव जुळवून देणं, आयकराचं रिटर्न भरणं, असली कामं करते. आधी कापत होते, आता कापलेलं शोधून देते. कागद तेच आहेत, मी फक्त समोरच्या खुर्चीत आले.

मागच्या महिन्यात एका रविवारी इसासनीहून एक दादा आले. फॅब्रिकेशनमध्ये हेल्पर. पाकिटातून पगाराची स्लिप काढली. चार घड्या घातलेली, घामाने मऊ झालेली. म्हणाले, “मॅडम, ठेकेदारानं तासाचे अडुसष्ट सांगितले होते. हातात आले ते मी मोबाइलवर भागून पाह्यले. अठ्ठावन्न पडून राह्यले. तासामागं दहा रुपये कोणं खाल्ले?”

मी अकरा वर्षांत हजारो स्लिपा काढल्या असतील. पण तासाने भागून मी कधी पाहिलं नव्हतं. आपण सगळे महिन्याने विचार करतो, कारण आपला पगार महिन्याचा असतो. तो माणूस तास विकतो. त्याचं गणित तासाचंच असणार.

तर बसलो दोघं आणि भागाकार केला. तासाचे ६८, आठ तासांचे ५४४, सव्वीस हजेऱ्यांचे १४,१४४. सगळा पगार मूळ आणि महागाई भत्ता धरून, बाकी भत्ते काही नाहीत. त्यातून पीएफ १२ टक्के, म्हणजे १,६९७. ईएसआय पाऊण टक्का. १०६ रुपये ८ पैसे होतात, पण तिथे वरचा रुपया धरतात म्हणून १०७. व्यवसाय कर, म्हणजे आपला पीटी, २००. एकूण २,००४. हातात १२,१४०. महिन्याचे तास २०८. भागा: ५८ रुपये ३७ पैसे. दादांचा हिशोब पैशापर्यंत बरोबर होता.

मग मी स्लिपच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं. तुझ्या एका तासातून ८ रुपये १६ पैसे पीएफला गेले, ते तुझेच आहेत, तुझ्या नावावर आहेत, आणि मालकानेही तुझ्या नावावर तेवढेच भरायचे आहेत. ५१ पैसे ईएसआयला गेले, तो तुझ्या घरादाराचा दवाखाना. ९६ पैसे व्यवसाय कर, तो सरकारचा. म्हणजे दहा रुपयांपैकी खरोखर ‘गेला’ तो एक रुपयासुद्धा नाही.

त्यांनी तो कागद बराच वेळ पाहिला. मग विचारलं, “मंग हे तिकडं काऊन नाही लिहत?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून हे पत्र.

आता तुम्ही म्हणाल, स्लिप तर देतो. देता. मीही देत होते. इंग्रजीत, बारीक टाइपात, ‘पीएफ’, ‘ईएसआयसी’, ‘पीटी’, ‘एलडब्ल्यूएफ’ (कामगार कल्याण निधी) आणि शेवटी ‘अदर’. या ‘अदर’ने जेवढी भांडणं लावली तेवढी बाकी चौघांनी मिळून लावली नसतील. त्यात गणवेश असतो, बूट असतात, कँटीन असतं, हरवलेला गेटपास असतो, आणि कधीकधी फक्त बेरीज जुळवायला टाकलेला आकडा असतो. (हो, असतो. आपल्यात बोलतोय म्हणून सांगते.) वेतनातून काय कापता येतं याची यादी कायद्यात १९३६ पासून आहे, यादीबाहेरचं कापता येत नाही, आणि सगळं मिळून निम्म्यावर जाता येत नाही. दंडाचा तर वेतनाच्या ३ टक्क्यांपुढे प्रश्नच येत नाही. हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. इसासनीला माहीत नाही.

कामगाराला काही कळत नसतं, आपण नुसतं चलान भरून मोकळं व्हावं, असं आपल्याकडे समजतात. उलट आहे. त्याला आकडे चांगले कळतात, आकड्यांची नावं कळत नाहीत. महिन्यातून पाच-सहा जण तरी माझ्यासमोर मोबाइल धरतात: “मॅडम, माह्ये सोळाशे सत्त्याण्णव कापले, अन् ठेकेदाराचे पाचशे एकोणवीसच दिसून राह्यले. चोरी नाही का ही?” चोरी नसते. मालकाच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात. १४,१४४ वर ते १,१७८ होतात, आणि उरलेले ५१९ मालकाच्या रकान्यात दिसतात. पासबुकात तिसरा रकाना असतो, पेन्शनचा, पण मोबाइलवर तो स्क्रीनच्या बाहेर जातो. बोटाने सरकवून दाखवला की माणसाचा चेहरा बदलतो. ठेकेदाराबद्दल महिनोन्‌महिने मनात धरलेला राग एका बोटाच्या सरकवण्याने जातो. तुमच्या बाजूनेच बोलते आहे मी. जे तुम्ही प्रामाणिकपणे भरता त्याचं श्रेयसुद्धा तुम्हाला मिळत नाही, कारण ते तुम्ही कुठे लिहीतच नाही.

आणि त्या पीएफच्या जोडीला विमाही असतो. खातेदार नोकरीत असताना गेला तर घरच्यांना कमाल सात लाखांपर्यंत मिळू शकतात, आणि त्याचा हप्ता पूर्ण मालकाचा. माझ्या टेबलावर आलेल्या दोन विधवांपैकी एकीलाही हे माहीत नव्हतं.

ईएसआयचं त्याहून वाईट. पाऊण टक्का हा आकडा इतका लहान आहे की कोणी त्याच्याकडे बघत नाही. पॅकिंगला काम करणारी एक ताई घरी पाय घसरून पडली, मनगट मोडलं. दीड महिना घरी. बचत गटातून पैसे उचलले, खासगीत प्लास्टर केलं. तिच्या पगारातून वर्षभर ईएसआय कापला जात होता. सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात तिला उपचार मिळाले असते. आणि अर्धवर्षात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली तर आजारपणाच्या रजेचे रोजच्या सरासरी मजुरीच्या ७० टक्के पैसे मिळतात, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. ५४४ च्या रोजावर ते दिवसाला ३८० होतात. तिला विमा क्रमांकच कोणी सांगितला नव्हता. पेहचान कार्ड ठेकेदाराच्या ऑफिसात फायलीत लावलेलं होतं. हरवू नये म्हणून!

आता व्यवसाय कर. यावर मला जरा थांबायचं आहे, कारण तासावर काम करणाऱ्याला सगळ्यात विचित्र मार याचा बसतो, आणि त्याची रक्कम लहान म्हणून त्याकडे आपण कोणी पाहत नाही.

पीएफ आणि ईएसआय टक्क्याने जातात. कमावलं कमी तर गेलं कमी. व्यवसाय कर पायऱ्यांनी जातो. पुरुष कामगाराला महिन्याला ७,५०० पर्यंत शून्य, त्यावर १०,००० पर्यंत १७५, त्यापुढे २००. महिन्याच्या पगारवाल्याला ही पायरी कधी लागत नाही, तो कायमचा वरच्या मजल्यावर असतो. रोजंदारीवाला मात्र दर महिन्याला जिन्यावर. टायफॉइड झाला, गावी मयत झाली, कंपनीत ऑर्डर नव्हती, आणि महिन्यात तेराच हजेऱ्या भरल्या, तर ७,०७२ झाले, कर नाही, हातात ६,१६९. चौदावी हजेरी भरली की ७,६१६. पीएफ ९१४, ईएसआय ५८, आणि कर १७५. हातात ६,४६९. म्हणजे चौदाव्या दिवसाच्या आठ तासांचे त्याला ३०० रुपये मिळाले. तासाला साडेसदतीस. आदल्या दिवशी त्याच मशीनवर त्याच कामाचा तास साठीच्या घरात होता.

हा दोष तुमचा नाही, कायद्याचा आहे, आणि ठेकेदाराने तो कापलाच पाहिजे. पण चौदाव्या दिवशी कमी का पडले हे त्याला सांगणारं कोणी नसतं. तो समजतो मस्टरमध्ये गडबड झाली. सुपरवायझरशी भांडतो. सुपरवायझरला तरी कुठे माहीत असतं?

फेब्रुवारी तर विनोदच. अठ्ठावीस दिवसांचा महिना, हजेऱ्या चोवीस, आणि व्यवसाय कर २०० ऐवजी ३००. दरवर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलाभोवती त्या शंभर रुपयांची गर्दी होते. कारण साधं आहे. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात या कराची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० आहे. १९८८ च्या घटनादुरुस्तीआधी ती २५० होती. अकरा महिने दोनशे म्हणजे २,२००, उरलेले ३०० फेब्रुवारीत. मर्यादा पूर्ण भरून घ्यायची म्हणून सगळ्यात छोट्या महिन्यावर सगळ्यात मोठा हप्ता. कोणाला सुचलं असेल ते सुचलं असेल, पण तो हजेरीवर जगणारा नक्की नसावा.

जाता जाता सांगते, हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. शहरातल्या नोकरदाराने थोडं द्यावं आणि दुष्काळातल्या मजुराला काम मिळावं, अशी कल्पना. त्या इसासनीच्या दादांचे वडील भंडारा जिल्ह्यात रोहयोच्या तळ्यावर माती वाहायचे. बापाने ज्या पैशातून मजुरी घेतली त्यात आता लेक तासाला ९६ पैसे टाकतो. मी हे त्यांना सांगितलं तर हसले आणि म्हणाले, “मंग ते ठीक हाय.” कर कापल्याचं दुःख माणसाला तेवढं नसतं हो.

आणि आता माझी स्वतःची चूक. १ एप्रिल २०२३ पासून महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर माफ झाला; आधी ती मर्यादा १०,००० होती. माझ्याकडे तेव्हा चाळीसेक बाया होत्या, पॅकिंग आणि हाउसकीपिंग मिळून, आणि त्यांतल्या बहुतेकींचा पगार दहा ते तेरा हजारांत. एक्सेलमध्ये सूत्र जुनंच राहिलं. एप्रिल कापला, मे कापला, जूनही कापला. जुलैत एका बाईचा कॉलेजात शिकणारा पोरगा स्लिप घेऊन आला आणि त्याने मला, अकरा वर्षं पगार करणाऱ्या बाईला, नियम दाखवला. लाजेने मेले. पुढच्या पगारात प्रत्येकीला सहाशे परत लावले, साहेबांची बोलणी खाल्ली. पण तो पोरगा आला नसता तर? मी अजून कापतच असते. आजही माझ्याकडे बायांच्या स्लिपा येतात त्यांत मला २०० दिसतात, बारा हजारांच्या पगारावर. मित्रहो, आज घरी जाण्याआधी एकदा तो रकाना तपासा. आणि गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमनांची वयंही तपासा, पासष्ट पूर्ण झालेल्यांना हा कर नाही.

ओव्हरटाइमबद्दल वेगळंच गणित आहे आणि ते कामगाराला आवडतं, म्हणून जास्त धोक्याचं. कारखान्यात ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा, तासाला १३६. (सिंगल देणाऱ्यांशी माझं भांडण वेगळं, ते पुन्हा कधी.) वीस तास केले तर २,७२०. ओव्हरटाइमवर पीएफ लागत नाही; नव्या कामगार संहितांआधी फक्त ईएसआय लागायचा. पगाराला जोडून हिशोब केला तर त्या २,७२० तून कापले जायचे फक्त वीस रुपये. २,७०० थेट हातात. म्हणून पोरं म्हणतात, ओटीचा पैसा चोख, ड्युटीच्या पैशाला कीड. आणि म्हणून काही हुशार ठेकेदार हजेरी कमी आणि ओटी किंवा ‘इन्सेंटिव्ह’ जास्त दाखवतात. कामगार खूष, कारण हातात जास्त आलं. ठेकेदार खूष, कारण त्याचेही बारा टक्के वाचले. साठीनंतरचा म्हातारा मात्र या व्यवहारात हजर नसतो.

भत्त्यांचं तेच. मूळ वेतन सहा हजार आणि बाकी सगळं ‘इतर भत्ता’, अशा स्लिपा अजून येतात. सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी मूळ वेतनातच धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगून झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतही भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनात धरा असंच आहे. आता जिथे हे बदलाल तिथे हातात येणारी रक्कम कमी होईल. साधं उदाहरण, पीएफ सहा हजारांऐवजी बारा हजारांवर लागला की महिन्याला ७२० ऐवजी १,४४०. त्या दिवशी गेटवर बोंब होईल, आणि ती रास्त असेल, कारण तुम्ही आधी काही सांगितलेलं नसेल. तुमच्या खिशातूनही तेवढेच ७२० जास्त जाणार आहेत, हेसुद्धा त्यांना कळणार नाही.

यापुढचं लिहिताना हात जड होतो. काही ठिकाणी दोन्ही बाजूंचं कटिंग कामगाराच्याच पगारातून होतं. त्याचे बारा आणि मालकाचे, विमा आणि प्रशासन खर्च धरून, तेरा, मिळून पंचवीस टक्के. १४,१४४ वर ३,५३६. विचारलं तर उत्तर मिळतं, “तुझी सीटीसीच तेवढी आहे.” सीटीसी (कंपनीला पडणारा एकूण खर्च) वगैरे मिहानमधल्या इंजिनिअरला सांगा. रोजाने काम करणाऱ्याला तुम्ही तासाचा भाव बोलला होता. मालकाचा वाटा त्यातून वळता करायला पीएफ आणि ईएसआय दोन्ही कायद्यांत मनाई आहे. आणि कापून न भरणं हा तर विश्वासघाताचा गुन्हा, फौजदारी. मुख्य कंपनी बिल दोन-दोन महिने अडकवते आणि चलानची १५ तारीख थांबत नाही, हे मला माहीत आहे. साहेबांनी बायकोचे दागिने ठेवून चलान भरलेलं मी पाहिलं आहे. त्याबद्दल त्यांना आजही मनातून मान आहे. म्हणूनच जे भरत नाहीत त्यांच्यासाठी माझ्याकडे सहानुभूती नाही.

आता ज्यांच्या पगारातून खरोखर आयकर कापला जातो त्यांच्याबद्दल. तुम्हाला वाटेल हेल्परचा आणि आयकराचा काय संबंध. हेल्परचा नाही. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर पडत नाही. पण कॉम्प्युटर ऑपरेटर, लॅब असिस्टंट, संध्याकाळी तासावर शिकवणारे, यांना पीएफ-ईएसआय द्यायला नको म्हणून कागदावर ‘प्रोफेशनल’ करून टाकतात आणि दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, कापतात. माझ्याकडे बुटीबोरीचा एक मुलगा येतो. तासाप्रमाणे बिल, महिन्याचे साधारण २२,०००. कापले २,२००. वर्षाचे २६,४००. त्याचं सगळं वार्षिक उत्पन्न २,६४,०००, ज्यावर एक रुपयाही कर नाही. म्हणजे एका महिन्याच्या पगाराहून जास्त रक्कम सरकारकडे बिनकामाची पडून. ती परत मिळते, पण रिटर्न भरलं तरच, आणि पॅन दिलेला असेल तरच. पॅन नसला तर कपात दहाची वीस टक्के होते. रिटर्न भरलं तरी आधारचा ओटीपी जुन्या सिमवर जातो, ते सिम गावी बहिणीकडे, बहिणीच्या गावात रेंज नाही. मागच्या वर्षी ३१ जुलैला रात्री साडेदहापर्यंत त्या बहिणीच्या फोनची वाट पाहत आम्ही दोघं दुकानात बसलो होतो. आला शेवटी.

त्याच्या बारा टक्क्यांचा पीएफ कापला असता तर तोही हातातून गेलाच असता, पण दुप्पट होऊन त्याच्या नावावर बसला असता. ‘प्रोफेशनल’ म्हटल्याने त्याचा मान वाढला म्हणावं तर तो गेटवर अजून कंत्राटी कामगारांच्याच रांगेतून आत जातो.

अशीच एक कपात नोकरी सोडल्यावर येते. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत पीएफ काढला आणि रक्कम पन्नास हजार किंवा वर असली तर दहा टक्के टीडीएस. आपल्याकडे ठेका दरवर्षी बदलतो, ठेकेदार बदलला की पोरं खातं काढून घेतात आणि मोबाइल घेतात. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, एकच असतो, जुनी नोकरी जोडून घेतली तर वर्षं धरली जातात, आणि उत्पन्न करपात्र नसेल तर तसं घोषणापत्र दिलं की कपात टळते, हे सोडताना दोन मिनिटांत सांगता येतं. मी नोकरीत असताना सांगत नव्हते. वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगायचे.

कामगार कल्याण निधीचं एका ओळीत: जून आणि डिसेंबरमध्ये कामगाराचे २५, तुमचे ७५. त्यातून मुलांना शिष्यवृत्ती मिळते, फॉर्म कामगार कल्याण केंद्रात मिळतो. जूनच्या स्लिपवर ते पंचवीस रुपये ‘एलडब्ल्यूएफ’ म्हणून आले की लोक ते ‘लेट वर्क फाइन’ समजतात. खरंच समजतात. तीन जणांनी मला तसं विचारलं आहे.

नागपूरला हे सगळं नवं आहे असं नाही. एम्प्रेस मिल इथे १८७७ साली सुरू झाली आणि १८८६ मध्ये तिथे कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला, पीएफचा कायदा यायच्या सहासष्ट वर्षं आधी. त्या जागेवर आता मॉल आहे, आणि त्याच मॉलमध्ये रात्री फरशी पुसणाऱ्या मुलींच्या स्लिपा माझ्याकडे येतात. असो.

तर मागणी. मोठी नाही. नवी संहिताही पगाराची स्लिप द्यायलाच सांगते, तेव्हा कागद तर तुम्ही छापणारच आहात. त्या स्लिपच्या खाली, जिथे तुम्ही ‘कॉम्प्युटर जनरेटेड, सही आवश्यक नाही’ असं छापता, तिथे त्याऐवजी मराठीत आणि हिंदीत तासाची एक ओळ टाका. ‘तुमचा एक तास ६८ रुपये. पीएफ ८.१६, तुमच्या नावावर, आम्ही आणखी ८.१६ भरले. ईएसआय ०.५१, आम्ही २.२१ भरले. व्यवसाय कर ०.९६. हातात ५८.३७.’ आणि पुढे यूएएन आणि ईएसआयचा विमा क्रमांक. बस. एक्सेलमध्ये हे करायला मला वीस मिनिटं लागली. फाइल तयार आहे, रविवारी सकाळी दहा ते दोन मी दुकानात असते, पेनड्राइव्ह घेऊन या. पैसे नकोत. चहा तुम्ही पाजा.

ज्यांना ही ओळ छापायला अडचण वाटेल त्यांनी अडचण नेमकी कोणत्या आकड्याची आहे ते मनाशी पाहावं. ८.१६ समोर ‘आम्ही भरले’ असं लिहिताना हात थांबत असेल तर तो का थांबतो, हे मला सांगायची गरज नाही.

ते इसासनीचे दादा पुन्हा आले होते, परवाच. मी स्लिपच्या मागे लिहून दिलेला कागद त्यांनी लॅमिनेट करून घेतला आहे. त्यांच्या खोलीवर पाच जण राहतात, पाचही जणांचा भाव वेगळा, आणि आता पाचही जणांना आपापल्या तासाचा असाच कागद हवा आहे. मी चार लिहून दिले. पाचव्याची स्लिपच नव्हती. त्याला पगार रोख मिळतो, डायरीत सही घेऊन. तो कोणाकडे आहे ते मी लिहीत नाही. त्या ठेकेदारांना हे वाचताना कळेलच. पुढचा पगार ७ तारखेच्या आत करायचा आहे, त्याचाही कागद त्याआधी निघू द्या.

आपली,
एक जुनी पगार कारकून
हिंगणा रोड, नागपूर